चौऱ्याण्णव भाग, एक्याण्णव रविवार

सकाळी ६.३०

चहा उकळेपर्यंत निरीक्षणसूची बघून घेते. मराठी विकिपीडियावरच्या ज्या पानांवर माझं लक्ष असतं, त्यांत रात्रीतून कोणी काय बदललं ते तिथे एकाखाली एक दिसतं: पानाचं नाव, वेळ, सदस्याचं नाव आणि मजकूर किती बाइटांनी वाढला किंवा घटला. मुद्रितं तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतर हे काम घेतलं. पगार नाही, साहेब नाहीत, पण वेळ मी नोकरीसारखीच पाळते. यादीचं काम फावल्या वेळात, मधूनमधून केलं की हमखास विस्कटतं.

सध्या हातात ‘महाभारत’ मालिकेची भागसूची आहे, बी. आर. चोप्रा आणि रवी चोप्रा यांची, दूरदर्शनवरची. प्रत्येक भागाला एक ओळ आणि ओळीत पाच रकाने: क्रमांक, प्रथम प्रसारणाची तारीख, कथाभाग, सारांश, संदर्भ. तारखांचा रकाना काल रात्रीपर्यंत बहुतेक रिकामा होता. संदर्भ मिळेल तशीच तारीख लिहायची, असं आम्ही चर्चा पानावर ठरवलं आहे.

आज सूचीत सगळ्यात वर एक मोठा हिरवा आकडा आहे. एका नव्या सदस्याने मध्यरात्रीच्या सुमारास बसून सगळ्या तारखा भरल्या आहेत. संदर्भाचा रकाना तसाच मोकळा.

सकाळी ७.१५

त्याने काय केलं ते समजायला कठीण नाही. पहिल्या भागाची तारीख ठाऊक. मालिका रविवारी सकाळी नऊला लागायची, हेही घरोघरी ठाऊक. मग सात-सात दिवस मिळवत गेलं की झालं. एकही ओळ न चुकवता त्याने ते नेटाने केलं आहे. त्यामुळे ९४व्या भागासमोर तारीख आली आहे १५ जुलै १९९०. त्याच पानावर, वरच्या माहितीचौकटीत, मालिका २४ जून १९९० ला संपल्याचं लिहिलेलं आहे.

कागद घेऊन हिशेब मांडते. पहिला भाग २ ऑक्टोबर १९८८, रविवार. शेवटचा भाग २४ जून १९९०, तोही रविवार. मधे नव्वद आठवडे. दोन्ही टोकं धरली तर एक्याण्णव रविवार. भाग मात्र चौऱ्याण्णव. तीन भाग जास्त आहेत. ते एखाद्या रविवारी जोडून लागले असतील, रविवार सोडून दुसऱ्या दिवशी लागले असतील, किंवा पुढे भागांची मोजणीच बदलली असेल. कोणतंही कारण घेतलं तरी ‘दर रविवारी एक भाग’ हे सूत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत नाही, हे निश्चित. आणि सूत्र एकदा कुठे तुटलं की तिथून पुढची प्रत्येक तारीख चुकते.

विकिपीडियावर साधी आकडेमोड करायला मुभा आहे. रविवार मोजणं ही आकडेमोड. न पाहिलेल्या रविवारी अमुक भाग लागला असं लिहिणं हे अनुमान, आणि ते चालत नाही. हा फरक शाळेतल्या मुलालाही कळण्यासारखा आहे, पण रिकामा रकाना समोर असला की भल्याभल्यांचे हात शिवशिवतात.

आणि इथली तारीख इथेच राहत नाही. शोधयंत्रं ती उचलतात. मालिकेला अमुक वर्षं झाली म्हणून बातमी करणारा वार्ताहर ती वापरतो. मग कोणीतरी त्या बातमीचाच संदर्भ जोडून तीच तारीख विकिपीडियावर पक्की करतो. चूक अशी फिरून पुरावा होऊन परत आली, की तिला हलवणं फार अवघड. म्हणून ती पहिल्याच सकाळी थांबवायची.

सकाळी ८.३०

बदल उलटवायला एक टिचकी पुरते. उलटवल्यावर त्या माणसाशी बोलायला अर्धा तास लागतो, आणि कामाचा खरा भाग तोच. पानाच्या इतिहासात त्याची आवृत्ती वेळेसकट शाबूत राहते, पुसलं काहीच जात नाही. पण नव्या माणसाला ते माहीत नसतं. त्याला एवढंच दिसतं, की रात्रभर केलेलं सकाळी दिसेनासं झालं.

तयार इशाऱ्यांचे साचे आहेत. ते चिकटवले की काम होतं आणि माणूस जातो. मी हाताने लिहिते: ‘नमस्कार. आपण महाभारताच्या यादीसाठी एवढा वेळ दिलात, मनापासून आभार. एक विनंती. आपल्या रकान्यातली ९४व्या भागाची तारीख आणि माहितीचौकटीतली अखेरची तारीख शेजारी ठेवून पाहाल का? मग दोन तारखांमधले रविवार मोजून पाहाल का? तारखांना वर्तमानपत्राचा संदर्भ हवा. तो मिळेपर्यंत जागा रिकामी ठेवू. कलाकारांच्या नावांचे दुवे तपासायचं काम पडून आहे. आपल्याला आवडलं तर ते घ्यावं.’

उत्तर मी त्यात देत नाही. मोजणी ज्याची त्याने केली म्हणजे ती त्याची होते.

सकाळी १०.००

आता सारांश. एक भाग पूर्ण बघायचा, टिपणं काढायची, परत मागे जाऊन नावं ऐकायची आणि मग लिहायचं. इंग्रजी विकिपीडियावर भागसूचीतल्या एका सारांशाला दोनशे शब्दांची मर्यादा आहे. मी मराठीत त्याहून कमीच लिहिते, कारण ९४ सारांश एकाच पानावर बसायचे आहेत.

पहिल्या भागाचा सारांश आज नव्याने लिहिला. भरत राजा आपल्या मुलांना डावलून भूमन्यूला युवराज करतो. पुढे शंतनूची आणि गंगेची भेट होते. घडतं ते एवढंच. जन्मापेक्षा योग्यता मोठी, हा मालिकेचा विचार त्यात उघड आहे. पण तो सारांशात घालायचा तर कोणा समीक्षकाने तसं लिहिल्याचा संदर्भ लागतो. म्हणून घटना यादीत गेली, आणि विचार मुख्य लेखातल्या ‘आशय’ विभागाची वाट बघत थांबला.

मराठी संपादकांची या कामात एक खास अडचण होते. आपण महाभारत फार वाचलेलं असतं. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ ही दोन्ही पुस्तकं १९६७ मधली. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात कर्ण, कुंती, द्रौपदी कायमच्या घडवून ठेवल्या आहेत. मग मालिकेतल्या कर्णाचा प्रसंग लिहिताना सावंतांचा कर्ण नकळत ओळीत उतरतो. त्याचं मनोगत, त्याची व्यथा, जी पडद्यावर त्या भागात दाखवलेलीच नाही. यादीत जुनी वाक्यं तपासताना मी हेच शोधते: हे पंकज धीर यांच्या कर्णाने केलं, की आपल्या वाचनातल्या कर्णाने? विशेषणंही काढते. ‘कपटी शकुनी’ मधला ‘कपटी’ जातो. गूफी पेंटल यांचा शकुनी काय करतो ते नीट लिहिलं, तर वाचकाला त्या विशेषणाची गरज उरत नाही.

डीव्हीडीच्या वेष्टनावरचा किंवा कुठल्या संकेतस्थळावरचा सारांश जसाच्या तसा उतरवायचा नाही, ही तर पहिली शिस्त. तो मजकूर दुसऱ्याच्या प्रताधिकाराचा असतो. आम्ही लिहितो ते असा परवाना देऊन, की कोणीही श्रेय देऊन ते वापरावं, बदलावं, विकावंसुद्धा, आणि पुढे त्याच परवान्याने द्यावं. उधार घेतलेली गोष्ट अशी वाटता येत नाही.

दुपारी १.३०

जेवून ग्रंथालयात. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड वाचनकक्षात बसूनच बघावे लागतात. चिठ्ठी भरून द्यायची, खंड येईपर्यंत थांबायचं, आला की दोन्ही हातांनी उघडायचा. त्या वर्षांतला कागद पिवळा पडून ठिसूळ झालाय. घाईने पान उलटलं तर कोपरा हातात येतो.

माझं काम रविवारच्या अंकात. त्या काळी वर्तमानपत्रं दूरदर्शनचे दिवसभराचे कार्यक्रम रोज छापत. त्या चौकटीत सकाळी नऊच्या पुढे काय छापलंय ते बघायचं. मग वहीत पाच गोष्टी लिहायच्या: वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान आणि चौकटीतला मजकूर अक्षरशः. ‘महाभारत’ एवढंच छापलं असेल तर एवढंच. भाग क्रमांक छापलेला नसेल तर तो मी मनाने जोडत नाही.

तेवढ्याने भागत नाही. सकाळच्या अंकात छापलेला कार्यक्रम हा बेत असतो. दिवसभरात तो बदलू शकतो. म्हणून सोमवारचा अंकही चाळते. काही बदल झाला असेल तर त्याची बातमी, टीका, वाचकाचं पत्र, काहीतरी त्यानंतरच्या दिवसांत येण्याचा संभव असतो. वाचकांच्या पत्रव्यवहाराचे रकाने या कामात फार मोलाचे ठरतात. गेल्या रविवारी काय पाहिलं ते लोक तिथे तपशिलाने लिहीत. कौतुक करत, हरकत घेत, वेशभूषेपासून संवादापर्यंत सगळ्यावर बोलत. राही मासूम रझा यांनी संवाद लिहिलेली आणि पंडित नरेंद्र शर्मा यांचा सल्ला लाभलेली ही मालिका लोक कानांनीही किती बारकाईने घेत होते, ते अशा पत्रांवरून समजतं. पत्रातला प्रसंग ओळखू आला की त्या रविवारी कुठला भाग लागला हे ठरवायला आधार मिळतो.

मालिका इंटरनेटवर फुकट दिसत असताना ती कधी लागली याने काय फरक पडतो, असं मला विचारलं जातं. खूप पडतो. रामायण आणि महाभारत या दोन मालिकांनी त्या वर्षांतल्या समाजावर, राजकारणावर, मूर्तींच्या आणि कॅलेंडरांच्या चित्रांवर काय परिणाम केला, यावर अभ्यासकांनी पुस्तकं लिहिली आहेत. असा अभ्यास करणाऱ्याला अमुक प्रसंग देशाने कोणत्या आठवड्यात पाहिला हे लागतं. त्या आठवड्यात देशात दुसरं काय चाललं होतं, ते त्याला शेजारी ठेवून बघायचं असतं. आठवडा चुकला तर त्याचा निष्कर्ष चुकतो.

२०२० च्या टाळेबंदीने या रकान्यात आणखी एक गुंता आणला. २८ मार्च २०२० पासून महाभारत डीडी भारतीवर पुन्हा दाखवलं गेलं, रोज दोन वेळा. त्या तारखा इंटरनेटवर सहज सापडतात, आणि म्हणून मूळ प्रसारणाच्या रकान्यात घुसतात. रकान्याच्या डोक्यावर मी ‘प्रथम प्रसारण’ असं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. पुनःप्रसारणाचा वेगळा परिच्छेद यादीच्या खाली आहे.

सायंकाळी ५.००

घरी येऊन वहीतले संदर्भ चढवते. प्रत्येक तारखेमागे लहानसा आकडा, तळाशी पूर्ण नोंद. हे काम यांत्रिक आहे, पटकन होतं.

मग दुवे. यादीच्या वर कलाकारांचा तक्ता आहे आणि प्रत्येक नावातून त्या व्यक्तीच्या लेखाकडे वाट जाते. नावं सारखी असली की वाट चुकते. अर्जुनाची भूमिका करणाऱ्या नटाचं नाव फिरोज खान. नुसता दुवा दिला तर वाचक ‘धर्मात्मा’वाल्या फिरोज खानपाशी पोहोचतो. भीम झालेले प्रवीण कुमार सोबती हे थाळीफेकपटू, १९६६ आणि १९७० च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवलेले. नाव नुसतं ‘प्रवीण कुमार’ लिहिलं की वाचक मेरठच्या मध्यमगती गोलंदाजाच्या पानावर जाऊन पडतो. अशा जागी कंसात ओळख जोडून दुवा सरळ करायचा. गुफी-गूफी, रूपा-रुपा अशा लेखनभेदांसाठी पुनर्निर्देशनं करायची, म्हणजे वाचकाने कसंही लिहून शोधलं तरी तो योग्य पानावर येईल. काही भूमिका पडद्यामागच्या. निवेदन करणाऱ्या ‘समया’चा आवाज हरीश भिमाणींचा, चेहरा दिसत नाही म्हणून त्यांचं नाव तक्त्यातून गळता कामा नये.

मी उघडलं तेव्हा यातले दोन दुवे आधीच दुरुस्त झालेले होते. सकाळच्याच नव्या सदस्याने दुपारी येऊन केले होते, बदलाचा सारांशही लिहिला होता. त्याच्या चर्चा पानावर जाऊन आभार मानले.

सायंकाळी ७.००

चर्चा पानावर एक प्रश्न बरेच दिवस लांबला होता: ९४ ओळींची सलग यादी वाचायला जड जाते, तिचे विभाग कसे पाडायचे? या मालिकेला आजच्यासारखे हंगाम नाहीत. एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांचा संस्कृतचा अभ्यास मोठा आहे, त्यांनी सुचवलं की अठरा पर्वांप्रमाणे विभाग करावेत. मराठी वाचकाला पर्वं माहीत असतात, शोधणं सोपं जाईल.

सूचना आकर्षक आहे. मी तिचा मान ठेवून सविस्तर उत्तर लिहिलं. ‘सर, ग्रंथातलं आदिपर्व नैमिषारण्यात सौतीच्या कथनाने उघडतं, मालिका भरतापासून आणि शंतनूपासून निघते. मधे कृष्णाचा जन्म आणि बालपण येतं. ती कथा हरिवंशातली आणि भागवतातली. अठरांपैकी कुठल्या पर्वाखाली ती ठेवायची? आणि मालिका भीष्मांच्या देहत्यागाशी थांबते. आश्वमेधिकापासून स्वर्गारोहणापर्यंतची शेवटची पाच पर्वं तिने घेतलीच नाहीत. पर्वांचे मथळे दिले तर सुरुवातीला अडचण, मधे अडचण, आणि शेवटी पाच मथळ्यांखाली काहीच नाही. भागक्रमांक मालिकेचा आहे, पर्व ग्रंथाचं आहे. यादी मालिकेची आहे.’

त्यांचं उत्तर तासाभरात आलं. हरिवंशाचा मुद्दा त्यांना पूर्ण पटला. त्यांनी त्यातूनच चांगली वाट काढली: क्रम १ ते ९४ सलग ठेवावा, पण जिथे प्रसंग ग्रंथात स्पष्ट सापडतो तिथे ‘कथाभाग’ रकान्यात पर्वाचं नाव द्यावं, आणि कृष्णबालपणाच्या भागांसमोर हरिवंश, भागवत असं लिहावं. पर्व ठरवण्याचं काम ते स्वतः करणार आहेत, चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून. माझ्या एकटीच्या हातून ते कधीच झालं नसतं. मला रविवार मोजता येतात, त्यांना पर्वं लावता येतात, नव्या मुलाला दुवे सरळ करता येतात. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया अशाच, एकमेकांना न भेटलेल्या माणसांच्या वाटून घेतलेल्या कामावर उभा आहे.

रात्री ९.३०

दिवसाचं शेवटचं काम विकिडेटावर. मालिकेच्या नोंदीत भागांची संख्या, आरंभ, अखेर ही विधानं असतात आणि अनेक भाषांतल्या विकिपीडियांच्या माहितीचौकटी तिथूनच आकडे उचलतात. तिथे केलेली एक दुरुस्ती आपल्याला वाचताही येत नाहीत अशा भाषांपर्यंत जाते. म्हणून तिथे मी संदर्भ जोडल्याशिवाय काहीच जतन करत नाही.

बंद करण्याआधी नव्या सदस्याचा निरोप आला. ‘ताई, मोजले. ९१च येतात. मग मी रामायणाचेही मोजले. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ म्हणजे ८० रविवार, आणि भाग ७८. तिथे उलटं आहे. सात-सात मिळवले तर ७८वा भाग १७ जुलैलाच संपतो. म्हणजे दोन रविवार रामायण लागलंच नव्हतं का? आमच्या गावच्या वाचनालयात जुने अंक आहेत. मी बघू का?’

काल रात्री ज्याने मनाने तारखा भरल्या, तो आज पुरावा शोधायला निघाला आहे. त्याला वहीतले पाच मुद्दे लिहून पाठवले. सोमवारचा अंकही बघायला सांगितलं, आणि दोन रविवार रिकामेच असतील असं आधीच धरून चालू नकोस, हेही. दोन भाग एकत्र लागले असतील तर रिकामे रविवार आणखी जास्त निघतील.

रिकाम्या रकान्याबद्दल मला काय वाटतं ते यातच आलं. अंदाजाने भरलेली जागा बघून पुढचा माणूस काम संपलं असं समजतो आणि निघून जातो. रिकामी जागा त्याला सांगते, की इथे अजून शोधायचं आहे. माझ्या यादीत अशा जागा अजून बऱ्याच आहेत, आणि मी त्या उघड्या ठेवणार आहे.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी, गावच्या वाचनालयात, शाळेच्या कपाटात १९८७ ते १९९० मधल्या वर्तमानपत्रांचे रविवारचे अंक असतील, तर दूरदर्शनच्या कार्यक्रमांची चौकट काढून बघा. वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान आणि छापलेला मजकूर, एवढं मालिकेच्या चर्चा पानावर लिहा. संपादन येत नसलं तरी चालेल; साध्या वाक्यात लिहिलंत तरी तक्त्यात बसवायला आम्ही आहोत. एका अंकाने एक ओळ पक्की होते, आणि ती पक्की झाली की ती शोधायला पुन्हा कोणाला ते पान उलटावं लागत नाही.